विमल हाटात बसून राहिली

बांगडी भरायची म्हणजे बाईचा हात हातात घ्यावा लागतो, दुसरा उपाय नाही. चार बोटं जुळवायची, अंगठ्याखालचा फुगीर भाग हळूच आत दाबायचा आणि बाई बोलण्यात गुंतलेली असताना बांगडी वर सरकवायची. आम्ही धारचे कासार. पवारांच्या राज्यात आमचे कोणी पूर्वज इकडे आले आणि इथलेच होऊन गेले. घरात मराठी, गल्लीत हिंदी आणि हाटात माळवी. वडिलांनी पहिल्याच दिवशी मला बजावलं होतं, "हाताकडे बघायचं, तोंडाकडे नाही." बदनावरच्या बाजूच्या गावांत आठवडी हाट भरतात. तिथे आधी वडिलांबरोबर आणि मग एकटा, मी वर्षानुवर्षं बांगड्यांची टोपली घेऊन बसलो. बायका मला मामा म्हणत. पोरी म्हणत, त्यांच्या आयाही म्हणत. नवी सून आली की सासू तिला आधी माझ्यापुढे आणून बसवी. तिचा दीर, सासरा शेजारी बिडी ओढत उभे असत आणि त्यांना त्यात वावगं काही वाटत नसे.

हे सगळं आधी सांगितलं, कारण माझ्या आजाराने माझं पहिलं काय नेलं असेल तर हे.

इंदूरच्या सरकारी दवाखान्यात आम्हाला समजावून सांगायला एक ताई बसतात. त्या म्हणाल्या, "मामा, तुम्ही नव्या पेशंटशी जे बोलता ते लिहून द्या ना. तुम्ही नसाल त्या दिवशी मी वाचून दाखवीन." मला लिहिता येतं ते मराठीतच. त्या हिंदी करून सांगतील.

*

दोन हजार साल उलटून गेलं होतं. सोयाबीन काढणीचे दिवस होते, म्हणजे हाटाला गर्दी. मला रोज संध्याकाळी ताप चढायचा. खोकला जाईना. पायजम्याची नाडी दर पंधरवड्याला अजून थोडी आवळावी लागायची. धारच्या दवाखान्यात टीबी निघाली, भरती केलं. मग डॉक्टरांनी आणखी एकदा रक्त काढलं.

एड्स हा शब्द मला माहीत होता. नव्वदच्या पुढे कधीतरी बसस्टँडच्या भिंतीवर तो रंगवलेला होता. काळी कवटी, खाली दोन हाडं आणि लाल अक्षरं. त्याच भिंतीला टेकून मी कितीदा गाडीची वाट बघत बसलो असेन.

डॉक्टर तरुण होता. खिडकीकडे बघत बोलला. "वो बीमारी निकली है, एड्स वाली. घर में बर्तन-कपड़े सब अलग कर देना." विमल, माझी बायको, माझ्या मागे उभी होती. तिने विचारलं, "टीबी की गोली चालू रखनी है ना?" तो म्हणाला, "हाँ." "तो फिर ठीक है," ती म्हणाली.

वॉर्डातून सुटी झाली त्या दिवशी बसमध्ये मी खिडकीशी बसलो. ती कुठे बसते ते मी बघत नव्हतो. ती शेजारी बसली आणि थोड्या वेळाने माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. रात्र रात्र वॉर्डात जागलेली होती. डॉक्टरने ज्याची ताटवाटी वेगळी करायला सांगितली, त्या माणसाच्या खांद्यावर ही बाई तोंड उघडं टाकून गाढ झोपली होती. गाडी खड्ड्यात आदळली तरी उठली नाही. मला तेव्हा भीती वाटत होती, हे खरं. पण भीतीच्या वर काहीतरी होतं. देवळात एकटं असताना कधी वाटतं तसं. मी हललो नाही, ती जागी होईल म्हणून.

पुढे तिचं रक्त तपासलं. काही निघालं नाही.

*

पहिला प्रश्न सगळे एकच विचारतात. कुठून आला? डॉक्टरने विचारला, दादाने विचारला, ज्याचा काही संबंध नाही अशा पानवाल्यानेही विचारला. उत्तर ऐकून ते ठरवणार, की या माणसाची कीव करायची की थुंकायचं. मी ते उत्तर विमलला दिलं. इथे लिहिणार नाही. हे ऐकणाऱ्यालाही सांगतो, हे उत्तर ज्याला द्यायचं त्यालाच द्या. बाकीच्यांचं देणं लागत नाही.

*

वॉर्डाचं थोडं सांगतो. निदान झालं त्या दिवशी माझी खाट ओढत नेऊन अगदी टोकाला, संडासाजवळ लावली. झाडूवाला माझ्या खाटेखाली झाडू फिरवायचा नाही. जेवण देणारा वरून टाकायचा, वाढायचा नाही.

एक सिस्टर होती, वयस्क, जाड चष्म्याची. तिची पाळी असली की सरळ येऊन बसायची आणि हातमोजा न घालता माझं मनगट धरून नाडी बघायची. माझा जन्म गेला लोकांचे हात धरण्यात. माझा हात कोणी असा धरला की आत काय होतं, ते मला त्या वॉर्डात कळलं. मी रडायला लागलो. ती म्हणाली, "रडू नका हो, माझी मोजणी चुकते." मराठीत म्हणाली. मग कळलं, तीही इकडचीच, देवासची.

*

घर दादाचं आणि माझं एकत्र होतं. परत आलो तेव्हा अंगणातल्या नळाजवळ नवीन मडकं ठेवलेलं होतं. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, मुलं लहान आहेत म्हणून हो." मोठ्याने भांडण झालं नाही. भांडण झालं असतं तर बरं झालं असतं. दोन महिन्यांत अंगणात एक आडवी भिंत उभी राहिली, आणि दादा त्या भिंतीपलीकडून मला हाक मारून तब्येत विचारायला लागला.

आमची मंजू देवासला दिलेली. जावई कारखान्यात नोकरीला, सासरची माणसं शिकलेली, महाराष्ट्रातून नोकरीसाठी आलेली. ती पीसीओवरून शेजाऱ्यांकडे फोन करायची. "बाबा, सासूबाई म्हणतात बाळाला घेऊन नको जाऊस. मी काय करू?" मी म्हणालो, "बाळाला सांभाळ." रिसीव्हर ठेवल्यावर शेजाऱ्याने तो फडक्याने पुसला. मी बघितलं, आणि मी बघितलं हे त्यालाही दिसलं.

*

उभं राहता यायला लागलं तसा मी हाटाला गेलो. बदनावरच्या पुढचं गाव आहे, नाव लिहीत नाही. माझ्याआधी बातमी पोचली होती. वॉर्डात समोरच्या खाटेवर त्या गावचा एक माणूस होता.

मी माझ्या जागेवर टोपली उघडली, बांगड्यांच्या माळा मांडल्या. नेहमीच्या बायका आल्या. उभ्या राहिल्या, बांगड्या बघितल्या, रंगाचं बोलल्या. पण सगळ्यांचे हात लुगड्याच्या पदराखाली. मी म्हटलं, "बैठो बेण, कौन-सी दूँ?" एक जण म्हणाली, "मामा, आज रेवा दो. फेर कदी." राहू द्या, मग कधी. दुसरीही तेच म्हणाली. शिवी कोणी दिली नाही. हात कोणी दिला नाही.

दुपारी एक जण आला. त्याच्या आईला, बायकोला, बहिणींना मीच बांगड्या भरल्या होत्या. तो म्हणाला, "भिया, इतने साल तू हमारी बहू-बेटियों के हाथ पकड़ता रहा. अब समझ में आया." एवढंच बोलला. मी माळा गुंडाळल्या, घरी आलो, टोपली कोनाड्यात ठेवली आणि विमलला म्हणालो, "धंदा संपला."

पुढच्या हाटाच्या दिवशी सकाळी ती टोपली डोक्यावर घेऊन निघाली.

"कुठे चाललीस? तुझ्याकडून कोण घेणार?"

"अहो, विकायला कुठे चाललेय? बसायला चाललेय."

"म्हणजे?"

"जागा तुमची आहे, मामंजींची आहे. आपण उठून गेलो की लोक म्हणणार, होतंच काहीतरी, म्हणून तोंड लपवलं."

ती गेली आणि संध्याकाळी टोपली जशीच्या तशी घेऊन परत आली. पुढच्या आठवड्यात तेच. हिवाळा गेला, गहू निघाला, उन्हाने हाटातली माणसं अर्धी झाली, तरी ही दर आठवड्याला बस पकडून जायची. माळा मांडायची, धूळ पुसायची, येणाऱ्या-जाणाऱ्या बाईला "राम-राम बेण" म्हणायची आणि परत यायची. शेजारचा धान्यवाला आपलं पोतं हळूहळू लांब सरकवत गेला. आम्ही दोन घरच्या शिलाईवर कसंबसं भागवत होतो. मी तिला एकदाही जा म्हटलं नाही. जाऊ नको म्हणायची माझी हिंमत नव्हती. लग्नाला इतकी वर्षं झाली, आणि मी खाटेवर पडल्या पडल्या विचार करायचो, ही बाई कोण आहे?

*

हाटाच्या कडेला भिल्ल बायका बसत. मोहाची फुलं, सीताफळं, केरसुण्या, ज्या दिवसांत जे मिळेल ते विकत. त्यांतली एक थावरीबाई. म्हातारी, अंगाने काटकुळी. तिने आमच्याकडून कधी काही घेतलेलं नव्हतं. धान्यवाल्याने सोडलेली जागा रिकामी बघून ती विमलच्या शेजारी बसायला लागली. काही हाट नुसतीच बसली. मग एक दिवस तिने दोन्ही हात विमलपुढे धरले.

"बेण, म्हारे चूड़ी पेरई दे."

विमल म्हणाली, "बाई, तुमने सुना नहीं हमारे घर का?"

थावरीबाई म्हणाली, "सुण्यो. म्हारा छोरा के भी योज रोग थो. इनीज हाथां से म्हने उके न्हवाड्यो. मर्यो तां तक न्हवाड्यो. देख, म्हारे कईं हुयो?"

तिचा मुलगा गुजरातला मजुरीला गेला होता. तिकडून हाच आजार घेऊन आला. त्याला मरेपर्यंत तिने याच हातांनी आंघोळ घातली होती, आणि ते हात आता भर हाटात विमलच्या हातात होते. विमलने हिरव्या बांगड्या भरल्या. भोवती बायका थांबून बघत होत्या. विमलने घरी येऊन मला हे सांगितलं. बसमधून परतताना तिला आनंद झाला नव्हता म्हणे, घाबरायला झालं होतं. एवढं मोठं काही आपल्यासमोर घडलं म्हणून.

तिने आणखी एक सांगितलं. थावरीबाईची सून झमकू आजारी आहे आणि म्हातारी विचारते आहे, तुझा माणूस कसा काय उभा राहिला?

*

मी उभा राहिलो होतो ते टीबीच्या गोळ्यांवर, आणि नुकत्याच इंदूरला या आजाराच्या दुसऱ्या गोळ्या सुरू झाल्या होत्या म्हणून. सरकारने त्या फुकट द्यायला सुरुवात केली होती. आधी त्या आमच्यासारख्याने घेणं शक्यच नव्हतं. पहिले काही आठवडे उलट्या, भलतीसलती स्वप्नं, जीव नको झाला. मग एका सकाळी जाग आली ती भुकेने. नुसती भूक. मी भाकरीचा डबा उघडून उभ्या उभ्या खाल्लं आणि विमलला हाका मारत सुटलो, जणू घरात चोर पकडला होता.

आम्ही थावरीबाईच्या फलियात गेलो. टेकडीवर पसरलेली पाच-सहा घरांची वस्ती. झमकू घरात नव्हती. लांब शेताच्या बांधाला पळसाच्या फांद्या लावून आडोसा केला होता, तिथे होती. हातपंपाकडे यायची तिला बंदी होती. माहेरच्यांनी नेलं नव्हतं. वस्तीने थावरीबाईला सांगितलं होतं, हिला घालवून दे. म्हातारीने घालवून दिलं नाही. आपली गोधडी उचलून ती स्वतःच आडोशात राहायला गेली होती. मुलगा गेलेला, सून परक्या घरची, आणि ही सासू तिला भरवायला, पुसायला त्या बांधावर राहत होती. मी विचारलं, "बाई, तुम्हाला भीती नाही वाटत?" ती म्हणाली, "लागे. पण या कठे जायगी?" वाटते, पण ही जाईल कुठे.

झमकूचं वय पंचवीसही नसेल. तिचं मनगट बघितलं. लहान मुलीच्या मापाची बांगडीसुद्धा त्यावरून गळून पडली असती.

इंदूरला न्यायचं तर आधी सडकेपर्यंत तिला खाटेवर न्यायचं होतं. थावरीबाईने वस्तीत हाका मारल्या. माणसं दारात येऊन उभी राहिली. कोणी पुढे झालं नाही. मग पुढचे दोन पाय थावरीबाईने धरले, मागे विमल आणि मी. माझ्या अंगात ताकद नव्हती. थोडं चालायचं, टेकवायचं, पुन्हा उचलायचं. उतारावरच्या शेवटच्या घरातून एक बाई बाहेर आली, पाण्याने भरलेला लोटा तिने वाटेत ठेवला आणि भराभर मागे गेली. तो लोटा तिने नंतर परत घेतला की फेकला, कोण जाणे. पण तिने ठेवला. सगळी वस्ती बघत असताना ठेवला. आम्ही चौघं ते पाणी प्यायलो. सडकेवर एक जीपवाला थांबला, त्याने काही विचारलं नाही, आम्हीही सांगितलं नाही.

*

पुढचं मला नीट लिहिता येणार नाही, कारण ते कसं होतं ते मला अजून कळलेलं नाही. बोटाच्या पेरावर मावेल एवढी गोळी. ताईंनी सांगितलं होतं, रोज, ठरल्या वेळी, जन्मभर, एकही चुकवायची नाही. झमकूकडे घड्याळ नव्हतं. दुपारची बस घाटाखाली हॉर्न वाजवायची तेव्हा थावरीबाई बाहेर येऊन सूर्याचा अंदाज घ्यायची आणि गोळीच्या वेळा त्यावर बसवायची. ती गोळी देताना म्हातारी सुनेच्या तोंडात बघायची, गिळली की नाही.

आधी झमकू उठून बसली. मग म्हातारीला धरून चालली. मग एकदा आम्ही गेलो तर ती बांधावर नव्हतीच. घराच्या अंगणात जात्यावर बसली होती. वस्तीने परवानगी दिली नव्हती. थावरीबाईने विचारलीच नव्हती.

त्या दिवशी झमकू मला म्हणाली, "मामा, म्हारे चूड़ी पेरई दो." विमल टोपली घेऊन पुढे झाली, तर ती म्हणाली, "नी. मामा पेरावे."

मी किती दिवसांत कोणाचा हात धरला नव्हता. बोटं विसरली असतील असं वाटलं. विसरली नव्हती. तिच्या अंगठ्याखाली आता दाबायला मांस होतं. पहिल्या दोन चढल्या. तिसरी फुटली. काच आहे, फुटतेच कधीतरी. तिच्या मनगटाला लागली आणि माझ्या बोटालाही. दोन थेंब. मी हात झटक्याने मागे घेतला. हेच, हेच होऊ नये म्हणून मी घरी बसलो होतो.

झमकूने आधी स्वतःच्या मनगटाकडे बघितलं, मग माझ्या बोटाकडे, आणि हसायला लागली. "मामा, रोग तो दोई को एकज है. अब कुण के लागेगो?"

थावरीबाई हसली. विमल हसून हसून खाली बसली. मी फडकं काढलं, दोघांच्या जखमा वेगवेगळ्या धुऊन बांधल्या, ताईंनी शिकवलं होतं तसं. मृत्यूच्या दारातून आलेली पोर अशी हसू शकते, आणि तेही यावर, हे मी त्याआधी कुठे बघितलं नव्हतं.

*

सगळं जिथल्या तिथे परत आलं असं सांगितलं तर खोटं होईल. हाटात आता बायका विमलपुढे हात करतात. सगळ्या नाही. मी शेजारी बसतो, रंग काढून देतो, भाव सांगतो. ताईंनी समजावलं आहे की हात धरल्याने हा आजार कोणाला होत नाही, आणि काच लागण्याची काळजी असेल तर भरण्याचं काम विमलकडे ठेवा. तसंच ठेवलं आहे. मला जो बोलून गेला होता, तो अजून आमच्याकडे बघत नाही. त्याची बायको मात्र तो नसताना येते.

अंगणातली भिंत आहे. मागच्या दिवाळीला वहिनींनी भिंतीवरून अनारशांची पितळी दिली. विमलने ती धुऊन परत केली, तर वहिनींनी ती पालथी न घालता, शुद्ध करायला विस्तवावर न भाजता, सरळ मांडणीवर ठेवली. आम्ही दोघं भिंतीआडून बघत होतो, चोरासारखे. मंजू आली एकदा, एकटी. दुसऱ्या वेळी बाळाला घेऊन आली. सासूला सांगून आली का, ते मी विचारलं नाही.

हे ऐकत असाल तर तुम्ही बहुतेक दवाखान्यातल्या बाकावर बसला असाल, तपासणीचा कागद खिशात घालून. गोळी चुकवू नका. ज्याला सांगायचं त्यालाच सांगा. आणि माणसांबद्दल आधीच ठरवून टाकू नका. मी ज्यांच्यावर भरवसा ठेवला ती वेगळीच निघाली, आणि ज्यांना मी कधी गिऱ्हाईक म्हणूनही मोजलं नव्हतं त्यांनी मला उचललं.

गेल्या महिन्यात आम्ही गोळ्या घ्यायला इंदूरला गेलो होतो. मी, विमल, झमकू. रांगेच्या शेवटी बाकावर एक माणूस बसला होता, शेतकरी दिसत होता, खातेगावकडून आला होता. नवीन. सगळे त्याच्यापासून एक जागा सोडून बसले होते, आणि तिथे बसलेल्या सगळ्यांना तोच आजार होता. मी काय बोलावं याची मनात जुळवाजुळव करत होतो.

झमकू जाऊन त्याला लागून बसली.

"दादा," ती म्हणाली, "रोटी खाई के नी?"

त्याने मान हलवली. नाही. तिने फडक्याची गाठ सोडली, मक्याची भाकरी मधोमध मोडली आणि अर्धी त्याच्या हातावर ठेवली. त्याने भाकरीकडे बघितलं. मग तिच्याकडे. मग खायला लागला.